ज्याचा पाय आहे, त्याला आधी विचारा : शल्यचिकित्सक आणि पशुवैद्यक यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील शल्यचिकित्सक, अस्थिरोगतज्ज्ञ आणि पशुवैद्यक, तसेच त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी

विषय : हात-पाय काढण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वीचे बोलणे आणि नंतरची सोबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार. माणसांचे डॉक्टर आणि जनावरांचे डॉक्टर यांना एकाच पत्रात हाक मारण्याची पद्धत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही तसे करते आहे, कारण आमच्या घरात काही वर्षांच्या अंतराने दोन पाय गेले. माझ्या यजमानांचा उजवा पाय मधुमेहामुळे गुडघ्याखालून काढावा लागला आणि त्यानंतर आमच्या भिंगरी नावाच्या कुत्रीचा पुढचा डावा पाय टेम्पोच्या धडकेमुळे खांद्यापासून काढावा लागला. दोन्ही शस्त्रक्रिया गरजेच्या होत्या, दोन्ही कौशल्याने झाल्या आणि ज्यांनी त्या केल्या त्यांच्याविषयी आमच्या मनात कृतज्ञता आहे. माझी तक्रार वेगळी आहे. कुत्रीच्या पायाबद्दल पशुवैद्य आमच्याशी जितके बोलले, तितके यजमानांच्या पायाबद्दल त्यांच्याशी कोणीही बोलले नाही.

यजमान वीज मंडळात लाइनमन होते. मधुमेहाने त्यांच्या पावलांची संवेदना वर्षानुवर्षे कमी होत गेली होती, त्यामुळे चपलेचा पट्टा घासून अंगठ्याला आलेला फोड त्यांना दुखला नाही, आणि न दुखणाऱ्या जखमेकडे आपल्याकडे कोणी फारसे बघत नाही. अंगठा काळा पडला, काळेपणा वर सरकला, ताप भरला आणि आम्ही त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या दिरांना आणि मुलाला वॉर्डाबाहेर बोलावून पाय काढावा लागेल असे सांगितले आणि वर बजावले की, पेशंटला आत्ताच सांगू नका, धीर सोडतील. मुलाने कागदावर सही केली. यजमान आत पूर्ण शुद्धीवर होते, चहा मागत होते. सकाळी वॉर्डातले मामा पायाचे केस काढायला आले. वस्तरा घोट्याच्या वर, नडगीवर आणि मग गुडघ्याच्याही वर फिरू लागला, तेव्हा यजमानांनी विचारले, “अहो, अंगठा काढायचाय ना, मग इतक्या वर कशाला?” मामांचा हात थांबला आणि ते काही न बोलता आमच्याकडे बघत राहिले. आपला पाय जाणार हे त्या माणसाला असे कळले.

‘धीर सोडतील’ हे वाक्य आपल्या व्यवसायात किती सर्रास वापरले जाते, हे पुढे इतर कुटुंबांशी बोलताना समजले. त्यामागे बहुधा दया असते, हे मी मान्य करते, आणि रुग्णाचे नातेवाईकही तेच सुचवतात, हेही मान्य करते. पण कायदा याबाबतीत संदिग्ध नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले आहे की, सज्ञान आणि निर्णय घेऊ शकणाऱ्या रुग्णाची संमती त्याच्याकडूनच, पुरेशी माहिती देऊन घेतली पाहिजे, आणि जीव वाचवण्यासाठी तातडीने करावे लागणारे उपचार वगळता नातेवाइकाची संमती तिची जागा घेऊ शकत नाही. त्या खटल्यातील संमती तर रुग्णाच्या आईची होती. मी इथे कायद्याचा धाक दाखवत नाही. ज्या माणसाला उरलेले आयुष्य एका पायाने काढायचे आहे, त्याने तो निर्णय स्वतः घेतला असेल तर पुढचे कष्ट तो स्वतःचे मानून करतो. दुसऱ्यांनी घेतला असेल, तर कितीतरी दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. आमच्याकडे हे दुसरे घडले.

अर्थात प्रत्येक वेळी निवांत बसून बोलता येत नाही. ओला गँगरीन झालेला असेल, विष रक्तात भिनू लागले असेल, तर काही तासांचा उशीरही जिवावर बेततो. कडबाकुट्टीत किंवा मळणी यंत्रात हात गेलेला तरुण मुलगा समोर असेल, तर आधी रक्त थांबवावे लागते. पण मधुमेहामुळे पाय काढावे लागतात, त्यांतले कितीतरी रुग्ण शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस वॉर्डातच पडून असतात, त्यांच्या साखरेवर, जखमेवर, प्रतिजैविकांवर रोज बोलणे होते. त्या दिवसांत पंधरा मिनिटे मिळत नाहीत, हे मला पटत नाही.

बोलायचे तरी काय, असे आपण विचाराल. पहिली गोष्ट म्हणजे पाय कुठून काढणार आणि तिथूनच का. आम्हाला ‘गुडघ्याखालून’ हा शब्द ऐकून काहीच बोध झाला नव्हता, पाय गेला म्हणजे गेला, एवढेच वाटले होते. गुडघा वाचणे ही केवढी कमाई आहे, हे आम्हाला कित्येक महिन्यांनी एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावले. गुडघ्याखालून पाय गेलेल्या माणसाला कृत्रिम पायाने चालताना पूर्वीपेक्षा साधारण पंचवीस ते चाळीस टक्के जास्त शक्ती लागते, गुडघ्याच्या वरून गेला असेल तर साठ टक्क्यांपासून दुपटीपर्यंत. सत्तरीच्या, हृदय कमकुवत असलेल्या माणसाच्या बाबतीत हाच फरक अंगणापर्यंत चालत जाणे आणि कायमचे खुर्चीत बसणे यांतला असतो. हे आधी कळले असते, तर शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री आमच्या घरात जो आकांत झाला, त्यात निदान एक धरून ठेवण्याजोगी गोष्ट असती.

याच बोलण्यात दुसरा प्रश्न यायला हवा, पायाचा रक्तपुरवठा तपासला आहे का, आणि तो सुधारण्याचा काही मार्ग आहे का. डॉपलर तपासणी करून रक्तवाहिनीतला अडथळा दूर करता आला, तर काही पाय वाचतात आणि वाचले नाहीत तरी कमी उंचीवर काढता येतात. रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत आणि सगळ्यांना पुण्या-मुंबईला जाणे परवडत नाही, हे खरे, पण मार्ग आहे एवढे सांगितले, तर जायचे की नाही हे कुटुंब ठरवू शकते. याच्या उलट बाजूचाही एक अनुभव वॉर्डात शेजारच्या खाटेवर पाहिला. आज एक बोट, पंधरवड्याने दुसरे, मग अर्धे पाऊल, अशा शस्त्रक्रिया होत राहिल्या आणि प्रत्येक वेळी नातेवाइकांना वाटत राहिले की पाय वाचतो आहे. रक्त पोहोचत नसलेल्या पायावर जखम भरत नाही, हे त्यांना पहिल्या बोटाच्या वेळीच स्पष्ट शब्दांत सांगायला हवे होते. पाय वाचवण्याची आशा आणि पाय काढण्याची घाई, या दोन्हींचा हिशेब रुग्णासमोर मांडावा, एवढेच मागणे आहे.

आता भिंगरीची हकीकत सांगते, कारण तिच्यामुळेच मला हे पत्र सुचले. टेम्पोच्या धडकेत तिचे हाड मोडले नव्हते, पण खांद्याजवळच्या नसांचा जुडगा ओढला जाऊन तुटला होता. पाय लोंबत राहिला, पंजा उलटा होऊन रस्त्यावर घासू लागला आणि त्यावर जखमा झाल्या, ज्या ती स्वतःच चावून वाढवत होती. पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयातल्या डॉक्टरांनी चिमट्याने तिच्या बोटांना कळ देऊन पाहिली. इतर तीन पायांना चिमटा लागताच ती मान वळवून गुरगुरली, या पायाला मात्र तिने ढुंकूनही पाहिले नाही. नसा परत जुळतात का, हे पाहण्यासाठी त्यांनी काही आठवडे थांबायला सांगितले, पंजाला बांधायची पद्धत शिकवली, आणि त्यानंतरही फरक दिसेना तेव्हा आम्हा दोघांना समोर बसवून बोलले.

त्यांचे बोलणे मला जवळजवळ पाठ आहे. कुत्रा आपल्या वजनाचा साधारण साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर घेतो, त्यामुळे पुढचा पाय जाणे हे मागचा पाय जाण्यापेक्षा जड जाते, पण हिचे वजन कमी आहे, वय कमी आहे आणि बाकीचे तिन्ही पाय चांगले आहेत, असे त्यांनी सांगितले. मागच्या पायांचे सांधे त्यांनी एकेक करून वाकवून पाहिले होते, कारण सांधेदुखी असलेल्या किंवा लठ्ठ कुत्र्याला तीन पाय पेलत नाहीत. माणसाच्या पायाचा खुंट राखतात तसा कुत्र्याचा राखत नाहीत, तो जमिनीवर आपटून जखमी होतो, म्हणून पाय थेट खांद्यापासून काढतात, हेही त्यांनी सांगितले, नाहीतर शस्त्रक्रियेनंतर तिला पाहून आम्ही घाबरलो असतो. शहाबादी फरशीवर ती घसरेल, तेव्हा गोणपाट अंथरा. तिचे वजन वाढू देऊ नका. वळताना डाव्या बाजूला पडेल, लगेच उचलू नका, तिला उठू द्या. आणि शेवटी ते म्हणाले, “ती तुम्हाला सांगतेच आहे. तो पाय तिने केव्हाच सोडलाय, सोडायचा राहिलाय तो तुम्ही.”

हे सगळे यजमान ऐकत होते. बाहेर आल्यावर रिक्षात ते एवढेच म्हणाले की, माझ्या वेळी कोणी इतके बोलले असते तर बरे झाले असते.

मी पुष्कळ विचार केला की, असे का व्हावे. जनावराला विचारता येत नाही, हे पशुवैद्याला पहिल्यापासून ठाऊक असते, म्हणून तो त्याचे अंग वाचतो आणि सांभाळणाऱ्याला तयार करतो. माणसाला विचारता येते, आणि विचारता येते म्हणूनच की काय, विचारायचे राहून जाते. सगळे पशुवैद्य असेच वागतात, असा माझा दावा नाही, आणि सगळे शल्यचिकित्सक घाईत असतात, असेही मी म्हणत नाही. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी एकोणिसाव्या शतकापासून जनावरांवर उपचार होत आले आहेत, तिथे दिवसभर लागणारी रांग पाहिली की पशुवैद्यांनाही वेळ कुठून मिळत असेल, असा प्रश्न पडतो.

पशुवैद्यांनाही माझे काही सांगणे आहे. पाळलेल्या कुत्र्या-मांजरांचा पाय काढायचा म्हटले की पुष्कळ लोक सरळ नाही म्हणतात. ‘तीन पायांवर कसले जगणे, त्यापेक्षा इंजेक्शन द्या,’ असे म्हणणारे सुशिक्षित लोक मी चिकित्सालयाच्या बाकावर ऐकले आहेत. ते खरे तर स्वतःच्या पायाविषयी बोलत असतात. आरशात पाहून कुत्र्याला वाईट वाटत नाही, शेजारी काय म्हणतील ही चिंता त्याला नसते, आणि बहुतेक कुत्री दोन-तीन दिवसांत उभी राहतात, महिन्याभरात धावू लागतात. अशा मालकांना शब्दांपेक्षा तीन पायांवर पळणारे एखादे कुत्रे दाखवावे, ते लवकर पटते. पण दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगावी. मोठ्या जातीच्या कुत्र्यांना होणाऱ्या हाडाच्या कर्करोगात, ऑस्टिओसार्कोमात, पाय काढल्याने असह्य वेदना थांबते, परंतु निदान होईपर्यंत आजार बहुधा फुप्फुसांकडे निघालेला असतो. नुसता पाय काढला तर साधारण चार-पाच महिने आणि केमोथेरपीची जोड दिली तर साधारण वर्षभर, एवढाच अवधी बहुतेकांना मिळतो. तिथे शस्त्रक्रिया वेदनेसाठी असते, आयुष्यासाठी नव्हे, आणि हा फरक मालकाला आधी कळला नाही, तर पुढे तो स्वतःला दोष देत बसतो.

शेतकऱ्याला हे हिशेब शिकवावे लागत नाहीत. बैलाच्या शिंगाचा कर्करोग आपल्या भागात नवा नाही. शिंग मुळापासून काढले की बैल वाचतो, पुन्हा जुंपता येतो, बेंदराला जोडी विजोड दिसते आणि बाजारात किंमत उतरते, एवढे तो क्षणात मांडतो आणि हो किंवा नाही म्हणतो. त्याच बैलाचा पाय मोडून सडला तर मात्र गोष्ट वेगळी, कारण चारशे-पाचशे किलोचे जनावर सहसा तीन पायांवर तोल सांभाळू शकत नाही. ‘जनावरांचे काय, त्यांचे निभावते’ असे सरसकट म्हणण्यात अर्थ नाही, हे त्यालाच सर्वांत चांगले कळते.

शस्त्रक्रियेनंतरच्या काळाबद्दल आता थोडे सविस्तर लिहिते, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथे होते. यजमानांना वॉर्डात आणल्यावर पाय ठणकू नये म्हणून खुंटाखाली जाड उशी ठेवली गेली. त्यांना बरे वाटत होते, आम्हालाही बरे वाटत होते, म्हणून ती उशी घरी आल्यावरही तशीच राहिली. परिणाम असा झाला की गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडला, आणि कृत्रिम पायाचे माप घ्यायला गेलो तेव्हा आधी गुडघा सरळ करून या, असे सांगून परत पाठवण्यात आले. खुंटाखाली उशी ठेवू नये, दिवसातून थोडा वेळ पालथे झोपावे, गुडघा सरळ ताणावा, आठच्या आकड्यासारखा पट्टा बांधून खुंटाला आकार द्यावा, टाके सुकल्यावर त्याला हाताने चोळून आणि हलके थोपटून स्पर्शाची सवय लावावी, या गोष्टी आपल्या शास्त्रात प्राथमिक मानल्या जातात. त्या सांगायला तज्ज्ञ लागत नाही. डिस्चार्ज कार्डावर सात औषधांची नावे होती, त्यांच्याखाली या पाच ओळी मावल्या असत्या.

त्याहून मोठा घोळ नसलेल्या पायाच्या दुखण्यामुळे झाला. घरी आल्यावर यजमान रात्री अंगठा खाजवायला सांगत, तोच अंगठा जो आधी काळा पडून मग पायासकट गेला होता. कधी करंगळी आत मुडपल्यासारखी होऊन पेटके येतात, असे म्हणत आणि घामाघूम होत. आम्हाला वाटले, भ्रम झाला. नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारले की, कापलेल्या पायाचे काय केलेत, तो नीट पुरलात की नाही. आम्हाला काहीच माहीत नव्हते. नीट न पुरलेला अवयव मुंग्यांनी खाल्ला की माणसाला तशाच कळा येतात, अशी समजूत आहे आणि त्यावरून कोणी तरी देवऋषाचे नावही सुचवले. तो प्रसंग आज सांगताना अवघड वाटतो, पण त्या रात्री कळा तर खऱ्याच होत्या आणि कारण कोणीच सांगितले नव्हते. जिथे डॉक्टर बोलत नाहीत, ती जागा देवऋषी भरून काढतो, यात नवल काही नाही.

खरे कारण डॉक्टरांना दीडशे वर्षे ठाऊक आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी १८७१ साली या अनुभवाला ‘फँटम लिंब’ असे नाव दिले. अवयव गेला तरी मेंदूतली त्याची जागा जात नाही, म्हणून तो असल्याचा भास जवळजवळ प्रत्येकाला होतो आणि निम्म्याहून अधिकांना त्यात वेदनाही होते. मूळचे तमिळनाडूचे मेंदुशास्त्रज्ञ डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात दाखवले की, चांगला हात किंवा पाय आरशात पाहून हलवला तर मेंदूला हरवलेला अवयव हलल्याचे दिसते आणि काही रुग्णांचे दुखणे त्याने कमी होते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी आमच्या जुन्या कपाटाच्या दाराचा आरसा काढून दोन पायांच्या मधे उभा करायला लावला. यजमान डाव्या पायाची बोटे उघडत-मिटत आणि आरशात उजव्या पायाची बोटे उघडत. पहिल्यांदा ते पाहून माझ्याच अंगावर काटा आला. त्यांची मुडपलेली करंगळी हळूहळू सैल झाली. दुखणे पूर्ण गेले नाही, थंडीत अजून येते आणि त्यासाठी रात्रीची एक गोळी चालू आहे, पण देवऋषाचे नाव पुन्हा कोणी काढले नाही.

त्या वडीलधाऱ्या बाईंचा प्रश्न मात्र मी टाकाऊ मानत नाही. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे काढलेला अवयव पिवळ्या पिशवीत जातो आणि त्याची विल्हेवाट जाळून किंवा खोल पुरून लावली जाते, हे मला नंतर वाचून कळले. रुग्णाला किंवा कुटुंबाला हे आधी सांगावे, त्यांच्या काही भावना असतील तर ऐकून घ्याव्यात आणि नियमात काय बसते ते सांगावे. ज्या पायाने माणूस साठ वर्षे चालला, तो कुठे गेला, हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे.

कृत्रिम पायाच्या बाबतीत महाराष्ट्र मागासलेला नाही. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, मुंबईत हाजी अलीची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. जयपूरच्या रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास घडवलेला जयपूर फूट आपल्या लोकांना मानवतो, कारण तो अनवाणी चालतो, चिखलात चालतो आणि त्याच्यासह मांडी घालता येते. कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी कृत्रिम अवयवांचे साहित्य बनवते, शिबिरे होतात, केंद्राची योजना आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट पूर्ण झाली की प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, मिळते, आणि डिसेंबर २०२२ पासून राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे. उणीव आहे ती शस्त्रक्रियेची खोली आणि या सगळ्या ठिकाणांमधल्या रस्त्याची. आमच्या हातात डिस्चार्ज कार्ड देणाऱ्या कोणीही यांतले एक नावही उच्चारले नाही. खुंटाची सूज उतरून त्याचा आकार स्थिर व्हायला काही महिने लागतात, पहिला पाय तात्पुरता असतो, खुंट बारीक झाला की तो ज्यात बसतो तो साचा सैल होतो आणि तो बदलावा लागतो, हेही आम्हाला ठाऊक नव्हते. सैल साचा म्हणजे पाय बिघडला, असे समजून यजमानांनी पहिला कृत्रिम पाय माळ्यावर टाकून दिला होता. असे माळ्यावर पडलेले पाय किती घरांत असतील, याचा शोध आपल्या संघटनांनी एकदा घ्यावा.

धीर देण्याच्या एका पद्धतीविषयीही लिहिले पाहिजे. यजमानांना भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने, त्यात डॉक्टरही आले, सुधा चंद्रन यांचे उदाहरण दिले. त्या जयपूर फूट लावून पुन्हा भरतनाट्यम करू लागल्या, हे थोरच आहे, पण त्या तेव्हा कोवळ्या वयाच्या होत्या आणि त्यांना मधुमेह नव्हता. सदुसष्ट वर्षांच्या लाइनमनला नाचायचे नव्हते. त्याला रात्री लघवीला एकट्याने जायचे होते आणि पारावर बसायला जायचे होते. त्याच्याशी त्या दोन गोष्टींबद्दल बोलायला हवे होते. गुडघ्याइतकाच गळून गेलेल्या मनाचाही उपचार असतो, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा क्रमांक आहे, पण अवयव गेल्यानंतरचे रडणे हे आपण दुखवट्यासारखे मानतच नाही, उलट ‘जीव वाचला ना’ म्हणून गप्प करतो.

राहिलेल्या पायाबद्दल बोलणे सर्वांत तातडीचे आहे. मधुमेहात एक पाय गेलेल्या माणसाचा दुसरा पायही धोक्यात असतो, आणि मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक पाच वर्षांच्या आत जातात, बहुतेक वेळा हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजाराने. हे आकडे ऐकायला कठोर आहेत, पण दहा ग्रॅमइतका दाब देणाऱ्या नायलॉनच्या धाग्याने पावलाची संवेदना तपासणे, मऊ रबराची एमसीआर चप्पल वापरणे, रोज रात्री पाऊल उलटे करून आरशात पाहणे, ही कामे त्या आकड्यांमुळेच माणूस मनावर घेतो. आमच्या घरी हे काम आता माझ्याकडे आहे. भिंगरीचा पंजा आणि यजमानांचे पाऊल, दोन्ही मी एकाच वेळी, दिव्याखाली तपासते.

माझ्या मागण्या फार नाहीत. शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर रुग्णाशी, नातेवाइकांच्या देखत पण त्याच्याशीच, एकदा बसून बोला आणि सही त्याची घ्या. शक्य असेल तिथे ज्याचा पाय पूर्वी गेला आहे आणि जो आता चालतो आहे, अशा एखाद्या माणसाला शस्त्रक्रियेआधी त्याच्या खाटेपाशी आणा. तालुक्या-तालुक्यांत अशी माणसे आहेत, त्यांना कोणी बोलावत नाही एवढेच. माझे यजमान जिल्ह्यात कुठेही यायला तयार आहेत. डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उशीची, पट्ट्याची, आरशाची, दुसऱ्या पायाची आणि कृत्रिम पाय मिळण्याच्या जवळच्या ठिकाणाची माहिती छापा. पशुवैद्यांनी आपल्याकडच्या मालकांसाठी फरशी, वजन, टाके आणि वेदनाशामकांची मुदत यांचा तसाच कागद करावा, आणि दुखणे सुरू होण्याआधीच औषध द्यावे लागते, हे त्यात ठळक असावे, कारण कुत्रे विव्हळले नाही म्हणजे त्याला दुखत नाही, असे बहुतेक मालक समजतात.

दोन्ही संघटनांची वार्षिक अधिवेशने होतात. त्यांपैकी एखाद्या अधिवेशनात शल्यचिकित्सक आणि पशुवैद्य यांनी या एका विषयावर तासभर एकत्र बसावे, अशी विनंती आहे. फिजिओथेरपिस्ट बाईंच्या मदतीने आम्ही दोघांनी माणसांसाठीचा असा एक पानाचा कागद तयार केला आहे आणि तो या पत्रासोबत दोन्ही संघटनांच्या कार्यालयांना पाठवला आहे. त्यात वैद्यकीय दृष्टीने काही चुकीचे असेल तर दुरुस्त करावे, काही राहिले असेल तर घालावे, आणि छापण्यायोग्य झाला की एक प्रत आमच्याकडे पाठवावी, म्हणजे इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती लावून घेता येईल.

कळावे,
आपली विश्वासू,
एका मधुमेही रुग्णाची पत्नी
जिल्हा सांगली